संत्र्याच्या बागेतला फोरजी डेटा लॉगर: डबा दमदार, ॲप टाकाऊ

डेटा लॉगर म्हणजे सेन्सरची रीडिंग नोंदवून मोबाइल नेटवर्कवरून पाठवणारा डबा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नागपूरच्या सीताबर्डीत घेतलेला हाच डबा बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो; आतलं बोर्ड तेच. ओळख सांगते: राखाडी ॲल्युमिनियमचा, आयपी ६७ (म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा), आत सेन्सर जोडायला आरएस-४८५ पोर्ट, पर्जन्यमापकाचे ठोके मोजायला पल्स इनपुट, मेमरी कार्ड आणि फोरजी मोडेम. सेन्सर आणि सोलर पॅनल सोडून अठरा हजारांच्या आसपास पडतो. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या बागायतदारांना मी जमिनीतला ओलावा मोजायची यंत्रणा लावून देते. या डब्यानं तिथं एक अख्खा पावसाळा आणि उन्हाळा काढलाय.

घेताना सगळे विचारतात, सेन्सर किती अचूक? माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: नेटवर्क गेलं की हा काय करतो? आधी वापरलेला एक डबा अशा वेळी सरळ रीडिंग टाकून द्यायचा. हा तसं करत नाही. दर पंधरा मिनिटांचं रीडिंग वेळेसकट कार्डावर लिहितो आणि तासातून एकदा पाठवतो. जुलैत वीज कडाडून टॉवर बंद पडला, दोन दिवस सगळं चिडीचूप. टॉवर सुरू झाल्यावर मागचा सगळा डेटा मूळ वेळेसह आपोआप येऊन बसला, आलेखात कुठं खिंडार नाही. आणखी एक शहाणपण म्हणजे काही वेळा प्रयत्न करून नेटवर्क मिळालं नाही, तर मोडेम पुढच्या तासापर्यंत झोपतो. रात्रभर टॉवर शोधत बसणारे डबे श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात बॅटरी खाऊन मोकळे होतात.

सिग्नलचं मात्र डब्यावर सोडू नका. सेटिंगमध्ये सीएसक्यू नावाचा, सिग्नल किती जोरदार ते सांगणारा आकडा दिसतो: ० ते ३१, जितका जास्त तितकं बरं, ९९ म्हणजे मोडेमला काही कळतच नाहीये. खोडाच्या उंचीवर, भरल्या पानांच्या झाडात हा आकडा ६ होता. अँटेना जीआय पाइपवर चढवून झाडाच्या शेंड्यावर नेली, तर १५ झाला. सोबत मिळणारी बोटभर अँटेना शहरात ठीक, बागेत नाही. केबलचं जोड रबरी टेपनं घट्ट बांधा, पाणी पहिलं तिथूनच शिरतं.

सिम साधं टाकलं तरी चालतं, पण रिचार्ज संपलं की डबा मुका, आणि बागेत रिचार्जची आठवण कुणाला राहणार! यंत्रांसाठीचं तेरा आकडी नंबरचं एम-टू-एम सिम घ्या; कागदपत्रांची कटकट आहे, पण एकदाच. बाहेरून डब्याशी थेट संपर्क साधायचा विचार सोडा. मोबाइल कंपन्या सहसा खासगी आयपी, म्हणजे बाहेरून गाठता न येणारा इंटरनेट पत्ता देतात, त्यामुळे बोलायला सुरुवात डब्यानंच करायची. हा एमक्यूटीटी आणि एफटीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींनी पाठवतो, आणि कुठल्या सर्व्हरवर पाठवायचं तो पत्ता आपल्याला बदलता येतो. माझ्यासाठी सौदा तिथंच ठरला.

उन्हाचं काय? २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, नंतर तो सेन्सरचा दोष निघाला. तेव्हापासून बागेतले काका भेटले की विचारतात, "ताई, तुमचा डबा तर ५६ नाही ना सांगून रायला?" नाही सांगत. पण सोबतची लिथियम आयन बॅटरी मला पटली नाही. अशी बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं असतं. बंद डब्यात त्याहून जास्त. मी लिथियम आयर्न फॉस्फेट टाकली आणि डबा पॅनलच्या सावलीत, उत्तर बाजूला लावला.

एक तक्रार हमखास येते आणि ती डब्याची नसते. आंबिया बहारासाठी (संत्र्याच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) झाडांना ताण दिला, म्हणजे पाणी तोडलं, की काळी माती भेगाळते. सेन्सरभोवती पोकळी झाली की तो हवा मोजतो आणि ओलावा शून्याजवळ दाखवतो. माणूस घाबरून पाणी सोडतो आणि ताण मोडतो. बसवतानाच त्याच मातीचा पातळ चिखल करून खड्ड्यात ओता.

आता ॲप. उघडायला वेळ, आलेखावर बोट ठेवलं तर आकडा नाही, आणि पहिल्या वर्षानंतर वर्गणी. मदत केंद्राचा फोन लागतो, पण पलीकडचा माणूस "ॲप अपडेट करा" याच्यापुढं जात नाही. मी डेटा स्वतःच्या सर्व्हरवर वळवला आणि शेतकऱ्यांना रोज सकाळी मेसेज जातो: ओलावा किती, काल पाऊस किती. त्यांना तेवढंच हवं असतं.

डब्याला पाचपैकी चार, ॲपला एक. ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारं कुणी नाही, त्यांनी वर्गणीचा दर आधी लेखी घ्यावा. मी पुढच्या ताणाआधी आणखी घेणार आहे, बॅटरी वगळून भाव करून.