आधी बडोद्याच्या कमाटीबागेतलं म्युझियम की आधी वढवाणा तलाव?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की दांडिया बाजारातल्या ओळखीच्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. "मावशी, पोराचं सजीवांचं वर्गीकरण तोंडपाठ आहे, पण गोडी काही लागत नाही. कुठं नेऊ?" बडोद्यात याची सरळ दोन उत्तरं आहेत आणि दोन्हीकडे शिकायला मिळतं ते अगदी वेगळं. सोयरीक जुळवताना आपण आधी घराणं विचारतो आणि मग त्या घरात माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघतो. म्युझियम घराणं सांगतं, वढवाणा वागणं दाखवतो.

म्युझियमची इमारत सयाजीराव महाराजांच्या काळातली, १८९४ साली पुरी झालेली. आत गेल्यावर मुलाला थेट निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी उभं करा. नावात 'मासा' आहे, पाण्यात राहतो, मग मासा का नाही? इथं घाई करू नका, त्याला हाडं बघू द्या. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या अवयवाच्या आत हाताचीच हाडं असतात. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या कार्ल लिनियसनंसुद्धा आधी देवमाशांना माशांतच बसवलं होतं. आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीत त्यानं ते बदललं आणि त्यांना सस्तन प्राण्यांत आणलं. वर्गीकरण म्हणजे पाठ करायची यादी नाही, पुरावा मिळाला की दुरुस्त करायचा हिशोब आहे, हे मुलाला इथं कळतं. आणि परतताना विश्वामित्री नदीच्या पुलावरून एखादी मगर दिसली तर तीही दाखवा. मगरीच्या हृदयाला पक्ष्यांसारखे चार कप्पे असतात आणि आज जिवंत असलेल्यांत तिचे सगळ्यांत जवळचे भाऊबंद पाली-घोरपडी नव्हेत, पक्षी आहेत.

म्युझियमची उणीव एकच, पण मोठी. तिथं प्रत्येक जीव एकटा उभा असतो. कोण कुणावर जगतो, कोण कुणाला टाळतो, हे काचेमागे दिसत नाही.

ते बघायला डभोई तालुक्यातला वढवाणा. शेतीच्या पाण्यासाठी बडोदे संस्थानानं बांधलेला हा तलाव २०२१मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. हिवाळ्यात पहाटे पोचलात तर एकाच पाण्यावर केवढी पंगत बसलेली दिसते! आणि गंमत म्हणजे कुणी कुणाच्या पानात हात घालत नाही. थापट्या फावड्यासारख्या चोचीनं वरचंच पाणी गाळतो. तलवार बदक शेपूट वर करून उथळ तळ चाळतं. लालसरी बुडी मारते. शेकाट्या लांब तांबड्या पायांवर काठाच्या चिखलात टिपत फिरतो. पुस्तकातली 'स्पर्धा' प्रत्यक्षात अशी असते. भांडण क्वचित, वाटणी जास्त. मधेच एखादा शिकारी पक्षी वरून गेला की अख्खा थवा उठतो, आणि भक्ष्य-भक्षक हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

मात्र खरं सांगते, आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला तिथं नेऊ नका. लांबचा प्रवास, थंडी, दुर्बिणीसाठी ओढाताण, आणि सगळेच पक्षी 'बदक'! नावं वेगळी करता येत नसतील तर नातीही वेगळी दिसत नाहीत. अशा एका सहलीनंतर एक मुलगी मला म्हणाली होती, "मावशी, खूप बदकं होती." एवढंच. चूक तिची नव्हती, आमची होती.

म्हणून लहानांसाठी माझं उत्तर तिसरंच आहे. ज्या वडावरून आपल्या गावाला वडोदरा नाव पडलं म्हणतात, तो वड. वड, पिंपळ आणि उंबर तिन्ही फायकस या एकाच प्रजातीतल्या (genus) वेगवेगळ्या जाती. लिनियसनं तिघांना १७५३ साली वेगवेगळी नावं दिली ती पानंफळं बघून. पण ही निवड त्याच्याही आधीपासून एक कीटक करत आलाय. वडाचं फळ म्हणजे आतल्या बाजूला फुललेल्या शेकडो बारीक फुलांची पिशवी. टोकाच्या भोकातून मादी गांधीलमाशी, तिळाहूनही लहान, आत घुसते. घुसताना पंख तुटतात. ती सोबत आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पोरी परागकण घेऊन दुसऱ्या वडाकडे जातात. वडाची गांधीलमाशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. 'उंबर फोडून केंबरं काढणं' म्हणतो आपण, त्यातली केंबरं हीच.

याच फळांवर तांबट, हरियल आणि वटवाघळं जगतात आणि बी लांब टाकतात. ते बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजलं की तोच दाता वड त्या झाडाला पारंब्यांनी आवळत जातो. एकच झाड, कुणाचा पोशिंदा, कुणाचा काळ.

तेव्हा क्रम असा ठेवा: आठच्या आत असेल तर वडाखाली, दर आठवड्याला, त्याच झाडाखाली. दहाच्या पुढचं असेल तर म्युझियम, आणि त्याच हिवाळ्यात वढवाणा, निदान पाच पक्ष्यांची नावं घरी चित्रांवरून ओळखायला लागल्यावर. एकाच सुट्टीत एकच जमणार असेल तर मी म्युझियम सोडीन, वड सोडणार नाही. वहीत डाव्या पानावर जिवाचं नाव, उजव्या पानावर तो त्या दिवशी कुणाबरोबर काय करत होता ते लिहायला लावा. आणि जाताना खिशात एक छोटी भिंगाची काच ठेवा. झाडावरचं अर्धवट पिकलेलं उंबर चिरलं की तिची गरज लगेच लागते.