कंपनीचं पहिलंच स्मार्टवॉच: नऊ महिने, खारा वारा आणि एक हिरवी टिकली

हरतालिकेच्या रात्री घड्याळ चार्जिंगला लावून झोपले. सकाळी उचललं तर पडद्यावर ४ टक्के, रात्री होते तेवढेच. उलटं करून पाहिलं. चार्जिंगसाठी मागे असलेल्या धातूच्या दोन टिकल्यांपैकी एक नव्यासारखी चकचकीत, दुसरी हिरवी, कडेने काळपट आणि मधोमध सुईच्या टोकाएवढा खड्डा. घड्याळ तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचं होतं. घरात गणपती यायचे, पाहुणे मुंबईहून निघालेले, आणि मी ओट्याशी उभी राहून लिंबाने ती टिकली घासत होते. (लिंबाने घासू नका. वरचा मुलामा जातो आणि आणखी वेगाने खराब होते, हे मला नंतर कळलं.)

पडदा केवढा, कॉलिंग आहे का, रंग किती, हे सगळं तुम्ही जाहिरातीत वाचलेलंच असेल, त्यात मी शिरत नाही. मी धोपाव्याला राहते आणि एका पतपेढीची पिग्मी गोळा करते. रोज सकाळी जंगलजेटीने, म्हणजे फेरीबोटीने, खाडी ओलांडून दाभोळला जायचं, बाजारात दुकानं आणि मच्छीवाल्या करायच्या, दुपारी परत यायचं. फेरीबोटीच्या इंजिनाच्या आवाजात फोनची रिंग ऐकू येत नाही. पावसाळ्यात तर फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी स्कूटीच्या डिकीत. घरी सासूबाई एकट्या असतात, त्यांचे दोन फोन असेच चुकले, दुसऱ्या वेळी त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण तासभर बसून होत्या. त्याच आठवड्यात मी ४,४९९ रुपये मोजले. माझ्या कमिशनमधून एवढे पैसे बाजूला पडायला बरेच दिवस लागतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

पहिला महिना मी पस्तावले. फोनमधली सगळी नावं मी मराठीत साठवलेली. घड्याळावर नावाच्या जागी नुसते चौकोन. मनगट थरथरायचं, बघावं तर पाच चौकोन. सासूबाई की मॅनेजर की सिमकार्डवाले, काही कळायचं नाही. ज्या कामासाठी घेतलं तेच होत नव्हतं. शेवटी मी सासूबाईंचं नाव इंग्रजीत लिहिलं आणि मला त्याचा फार राग आला. इथे दुकानात विकता, खोक्यावर किंमत रुपयांत छापता, मग आमची लिपी टाकायला काय झालं होतं?

जुलैमध्ये अपडेट आलं आणि चौकोनांची अक्षरं झाली, पण ‘चिपळूण’ आलं की घड्याळावर दिसायचं ‘चपिळूण’, आणि ‘सुट्टी’ची ‘सुट्‌टी’. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याने समजावलं. संगणकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतात, कारण उच्चारात ती नंतर येते, पण लिहिताना ती अक्षराच्या आधी काढायची असते. ती उचलून जागेवर ठेवायचं आणि जोडाक्षरं जोडायचं काम एक वेगळा प्रोग्राम करतो. कंपनीने अक्षरांचे छाप टाकले, तो प्रोग्राम टाकलाच नाही. मी कंपनीच्या ॲपमधून तीन वेळा स्क्रीनचे फोटो पाठवले. ऑगस्टच्या सुरुवातीला आणखी एक अपडेट आलं, मी नाव परत मराठीत केलं आणि फेरीबोटीवर उभी असताना मनगटावर स्वच्छ ‘सासूबाई’ उमटलं. एवढं बरं वाटलं की शेजारच्या बाईंना हात पुढे करून दाखवलं. तोवर मी हे घड्याळ परत करायला हवं होतं या मताची होते. त्या दिवसापासून मत बदललं. चुकलेला एकही फोन नाही, इंजिन कितीही ओरडू दे. नऊ महिन्यांनंतरही ह्या एका बाबतीत माझी काही तक्रार नाही.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी सात दिवस म्हणतात, मला साडेतीन मिळतात. पावलं विश्वासाची नाहीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटी चालवली तरी वाढतात. नाडीचे ठोके हिरव्या दिव्याने मोजतात, रक्त हिरवा प्रकाश शोषतं त्यावरून. पट्टा घामाने सरकला की आकडा उडतो, नीट बसवला तर डॉक्टरांकडच्या आकड्याच्या जवळपास येतो. ऑक्सिजनकडे मी बघत नाही.

आता टिकली.

गणपती उठल्यावर एस.टी.ने चिपळूणला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले, अख्खा दिवस मोडला. काउंटरवरच्या मुलाने घड्याळ उलटं केलं आणि एका वाक्यात निकाल दिला, “मॅडम, लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. १,८५० होतील.” मी खोकं बरोबर नेलं होतं. त्यावर पोहणाऱ्या माणसाचं चित्र आहे आणि ‘५ एटीएम’ हा पाणी सोसण्याचा आकडा लिहिलाय. तो म्हणाला, “ते गोड्या पाण्याचं.” मी म्हटलं, “मी पोहायला गेलेच नाही. मी फेरीबोटीवर उभी असते.” त्याने माहितीपत्रक काढून दाखवलं. मुंगीएवढ्या अक्षरात खारं पाणी, साबण, वाफ हे सगळं वगळलेलं होतं.

घरी येऊन मी हे नीट समजून घेतलं, कारण १,८५० रुपये गप्प भरायला माझं मन घेईना. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोलीवर जेवढा दाब असतो तेवढा स्थिर दाब घड्याळ सोसतं. आयपी ६८ ह्या पाणी-धुळीपासून बचावाच्या दर्जाची पाण्याची चाचणीसुद्धा गोड्या पाण्यातच होते. दोन्हींत पाण्याबाबत एवढंच बघतात की पाणी आत शिरतं का. माझ्या घड्याळात पाणी आत शिरलंच नव्हतं, पडदा, स्पीकर सगळं ठणठणीत होतं. खराब झाली होती ती बाहेरची टिकली, आणि बाहेरच्या धातूचं खाऱ्या हवेत काय होतं हे त्या आकड्यांत कुठेच मोजलेलं नसतं.

कारण मला फेरीबोटीवरच्या एका खलाशी दादांनी सांगितलं. मी टिकली दाखवली तर त्यांनी लगेच विचारलं, “वैनी, चार्जिंगला लावताना धुता काय?” मी म्हटलं नाही, पदराला पुसते. ते म्हणाले, “मग मीठ तिथंच ऱ्हातं. वर करंट दिलात की धातू खाणारच.” बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात ते त्यांनी समजावले. खाऱ्या पाण्यात आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं, म्हणून ठोकळे झिजले की नवे बसवायचे. घड्याळात झिजायला असं दुसरं काही नाही, म्हणून टिकलीच झिजते. आणि झिजते ती फक्त धन बाजूची, म्हणून दोनातली एकच हिरवी. मला वाटायचं माझं घड्याळ कधी ओलंच होत नाही. पण पावसाळ्यात घरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेच इथे होतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे घामाचं आणि वाऱ्याचं जे मीठ टिकलीवर बसलं ते पावसाळाभर ओलंच, आणि त्यावर मी दर तीन दिवसांनी रात्रभर वीज सोडत होते.

हे कंपनीला माहीत नसेल असं मला वाटत नाही. २०१४ च्या मोटो ३६० ह्या स्मार्टवॉचला अशा उघड्या टिकल्या नव्हत्याच, ते नुसतं तळावर ठेवून चार्ज व्हायचं. २०१५ चं ॲपलचं पहिलं घड्याळही तसंच. ती महाग होती, कबूल. पण त्यांच्यातही पहिलेपणाची किंमत घेणाऱ्यानेच मोजली. ॲपलच्या पहिल्या घड्याळात स्वतःचं जीपीएस नव्हतं आणि ते पोहायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी २०१६ च्या दुसऱ्या मालिकेत आल्या. २०१८ मध्ये नवं सॉफ्टवेअर आलं ते पहिल्या घड्याळाला मिळालंच नाही, सोन्याच्या आवृत्तीलासुद्धा नाही. पेबल ह्या आणखी एका सुरुवातीच्या स्मार्टवॉचची कंपनी तर २०१६ च्या शेवटी बंदच झाली आणि २०१८ च्या जूनमध्ये तिचे सर्व्हर थांबले.

मी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पावती, खोक्यावरच्या चित्राचा फोटो, टिकलीचा जवळून काढलेला फोटो, आणि एकच मुद्दा: पाणी आत गेलेलं नाही, वापर नेहमीचा आहे, किनाऱ्यावर राहणं हा ग्राहकाचा दोष नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हेही मी कंपनीला ई-मेलमध्ये लिहिलं. अकराव्या दिवशी फोन आला, मागची बाजू आणि चार्जर फुकट बदलून मिळाले. काउंटरवरचा तोच मुलगा, ह्या वेळी त्याने चहा विचारला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या हातात काहीच नसतं.

आता माझा रोजचा नेम असा. घरी आले की विहिरीच्या पाण्याखाली घड्याळ पालथं धरायचं, टिकल्यांवरून बोट फिरवायचं, सुती फडक्याने टिपायचं आणि तासभर पंख्याखाली ठेवायचं. मगच चार्जर, आणि १०० टक्के झाले की लगेच काढायचं. रात्रभर लावणं बंद. चार्जरच्या पिनाही पुसायच्या, त्या सगळे विसरतात. ऑक्टोबरपासून आजवर नव्या टिकलीला डाग नाही, पण तिचा खरा कस पुढच्या मिरगानंतर लागेल.

म्हणून विचारणाऱ्या तिघांना तीन वेगळी उत्तरं दिली. चिपळूणच्या चुलतबहिणीला घे म्हटलं, ती समुद्रापासून लांब आहे आणि मराठी आता नीट दिसतं. हर्णैला मच्छीच्या धंद्यात असलेल्या भाऊजींना घेऊ नका म्हटलं, त्यांचे हात दिवसभर खाऱ्या पाण्यात. शेजारच्या मुलीला थांब म्हटलं, कारण दुसरं मॉडेल येणार असं ऐकलं होतं.

ते आलं. जाहिरातीतल्या एकाही चित्रात मागची बाजू नाही. गेल्या आठवड्यात मुद्दाम दुकानात जाऊन काउंटरवर उलटं करून पाहिलं. पडदा मोठा, पट्टा चांगला, आणि मागे त्याच दोन टिकल्या, तेवढ्याच अंतरावर. शेजारच्या मुलीला तसं सांगितलं, ती अजून थांबली आहे. पिनांशिवाय चार्ज होणारं, मराठी नीट दाखवणारं आणि सहा हजारांच्या आतलं घड्याळ कोणी एक अख्खा पावसाळा समुद्राकाठी वापरलं असेल तर कृपा करून मॉडेल सांगा. कोरड्या गावातला अनुभव आम्हाला उपयोगाचा नाही.