‘पार्सल मिळालं नाही’: लगेच दुसरं पाठवावं की आधी चौकशी करावी?

गोव्यातल्या फोंडा-डिचोलीतून काजूगर, आमसुलं ऑनलाइन विकणाऱ्यांना हा फोन कधी ना कधी येतोच: ‘डिलिव्हर्ड दाखवतंय, पण हाती काहीच आलं नाही.’

लगेच दुसरं पार्सल पाठवलं की गिऱ्हाईक टिकतं. दोन-तीनशेच्या मालाला मला हेच पटतं. पाच हजारांच्या काजूला मात्र ते परवडत नाही, आणि पहिलं पार्सल गेलं कुठे हेही कळत नाही.

चौकशीत दोन-चार दिवस जातात, पण बरंच उलगडतं. गोव्यातल्या गोव्यात पाठवलं असेल तर पत्ता म्हणजे वाड्याचं (वस्तीचं) नाव आणि ‘देवळामागे’; घर बंद दिसलं की डिलिव्हरीवाला कोपऱ्यावरच्या दुकानात पार्सल ठेवून जातो. आधी तिथे विचारायला सांगा, मग कुरिअरकडून सही किंवा फोटो मागवा. स्पीड पोस्टला ऑक्टोबर २०२५ पासून पाच रुपये अधिक जीएसटी भरून ओटीपी डिलिव्हरी मिळते. महाग मालाला ती घ्याच.

फक्त चौकशीच्या नावाखाली गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याभरात.