फिश टँकचा दिवा: जुनी ट्यूब दुरुस्त करावी की ॲडॅप्टरवाली एलईडी पट्टी घ्यावी?

हूडमधली, म्हणजे टाकीच्या झाकणातली, ट्यूब फडफडू लागली की दुरुस्ती करावी की एलईडी पट्टी बसवावी, हा प्रश्न बहुतेक टाकीवाल्यांना कधी ना कधी पडतो. मी दोन्ही वापरले आहेत.

दुरुस्तीच्या दृष्टीने ट्यूबचा हूड आजही सरस आहे. त्याचा चोक, होल्डर, ट्यूब असे सगळे भाग सुटे होतात आणि मुंबईत लोहार चाळीच्या विद्युत-सामानाच्या बाजारात फिरल्यास बहुधा मिळतातही. पट्टी मात्र सीलबंद असते, त्यामुळे आतले दिवे गेले तर सहसा ती पूर्णच बदलावी लागते. उजेडाचे मोजमाप मी केलेले नाही, परंतु माझा वॅलिस्नेरिया (टाकीतली एक पाणवनस्पती) दोन्हींखाली सारखाच फोफावला.

माझा निर्णय ठरवला तो होल्डरने. टाकीची वाफ सतत वर येत असते आणि मुंबईच्या पावसाळ्यात हूडमधला दमटपणा काही केल्या जात नाही. त्यामुळे ट्यूबच्या पिनांवर आणि होल्डरच्या पितळी पत्तीवर हिरवट थर चढतो, ट्यूब लुकलुकते, हाताने जराशी फिरवली की लागते आणि काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू होते. टाकी खाऱ्या पाण्याची असेल, तर हे आणखी लवकर होते. पाण्याच्या वर, 230 व्होल्टच्या जोडणीत ओल्या हाताने ट्यूब फिरवण्याची ही सवय मला सर्वांत धोक्याची वाटते. शिवाय जुन्या इमारतींच्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलवर असते, म्हणजे बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असू शकते. म्हणून होल्डर घासण्याआधी प्लग सॉकेटमधून काढावाच, आणि इलेक्ट्रॉनिक चोक उघडायचा असेल तर त्यातील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ विद्युतभार टिकून राहतो, हेही ध्यानात ठेवावे.

ॲडॅप्टरवाल्या पट्टीत 230 व्होल्ट भिंतीपाशीच थांबतात आणि टाकीवर केवळ 12 किंवा 24 व्होल्ट पोहोचतात. अर्थात काही स्वस्त पट्ट्यांमध्ये ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग) आतच बसवलेला असतो आणि मुख्य वीज थेट दिव्यापर्यंत जाते. त्या घेण्यात फारसा फायदा नाही. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला खरेदी करताना ॲडॅप्टर वेगळा आहे का आणि त्यावर आउटपुट किती व्होल्ट डीसी छापले आहे, एवढे पाहून घ्यावे. ॲडॅप्टर टाकीच्या झाकणावर ठेवू नये; वायरही सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता तिथेच ठिबकते. पट्टीवर साचणारा क्षारांचा पांढुरका थर प्लग काढून, व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसला की जातो. दिवा कोणताही असो, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, घरात असावाच.

ज्यांच्या हूडचे होल्डर रबरी टोपीचे, पाणी न शिरणारे आहेत, त्यांनी तो मोडीत काढण्याची घाई करू नये. मात्र चोक गेलाच, तर नव्या चोकवर पैसे घालण्याआधी ॲडॅप्टरवाल्या पट्टीचा भाव एकदा जरूर विचारावा. काढलेली ट्यूब फुटू देऊ नये आणि रोजच्या कचऱ्यातही टाकू नये, कारण तिच्यात पारा असतो.