रीपर: भोंडल्यापासून फैयाज खाँसाहेबांपर्यंत, काही महिने वापरल्यावर

रीपर हे संगणकावर गाणी रेकॉर्ड करायचं आणि रचायचं सॉफ्टवेअर मी मागच्या नवरात्राच्या आधीपासून वापरतेय, आता लायसन्सही घेतलं, त्यामुळे लिहायला हरकत नाही. मी संगीतातली कोणी नाही, नोकरी वेगळीच आहे, रात्री हेडफोन लावून बसायचं एवढाच छंद. मत आधीच सांगून टाकते. दहा मिनिटांत तयार बीट हवा असेल तर हे तुमच्यासाठी नाही, त्याला एफएल स्टुडिओ हे दुसरं सॉफ्टवेअर बरं. पण तुमच्याकडे खऱ्या माणसाचं, क्लिक (कानात ठरलेल्या गतीची टिकटिक) न लावता गायलेलं रेकॉर्डिंग असेल आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनिक काही बांधायचं असेल तर रीपरच घ्या.

कारण सांगते. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला अजून बऱ्याच घरांत भोंडला होतो, आणि त्याच दिवसांत रात्री बाहेर गरबा. लहानपणापासून दोन्ही एकाच कानाने ऐकलंय. आत्या आणि तिच्या मैत्रिणींची गाणी मी फोनवर रेकॉर्ड केली, म्हटलं खाली गरब्याचा ढोल घालूया. आता या बायका काय मेट्रोनोमवर गातात का? मिनिटाला ९५ ठोक्यांच्या आसपास सुरू झालेलं गाणं शेवटी ११०च्या पुढे जातं, कडव्याच्या शेवटी थोडं रेंगाळतं, मग खिरापतीची घाई लागली की अजून पळतं. बहुतेक ट्युटोरियलमध्ये शिकवतात की आवाज कापा आणि प्रत्येक शब्द ओढून ग्रिडवर (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांवर) बसवा. तसं केलं की गाणं सुरात राहतं, तालात राहतं आणि भोंडला मात्र त्यातून निघून जातो.

रीपरमध्ये मी उलटं करते, आवाजाला हात लावत नाही, ग्रिडच गाण्याखाली वाकवते. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस आधी 'टाइम'वर ठेवायचा (हे आधीच करा, नाहीतर टेम्पो बदलला की ऑडिओपण त्याच्याबरोबर ताणला जातो), मग एका टाळीपासून पुढच्या आवर्तनाच्या टाळीपर्यंत सिलेक्शन करायचं आणि त्या सिलेक्शनवरून 'मेजर' (measure, म्हणजे ग्रिडवरचं एक आवर्तन) तयार करायची कमांड द्यायची. असं दर काही आवर्तनांनी करत गेलं की पूर्ण गाण्याचा टेम्पो मॅप तयार होतो, आणि त्यानंतर घातलेला प्रत्येक ढोल, प्रत्येक बेसलाइन, अगदी डिलेची (प्रतिध्वनीची) रिपीटसुद्धा त्या बायकांच्या मागे चालते, त्या पळाल्या की तीपण पळते. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, खरंच. एखादाच शब्द फार पुढेमागे असेल तर शिफ्ट-डब्ल्यूने स्ट्रेच मार्कर टाकून तेवढाच सरकवता येतो, पण मी तो क्वचितच वापरते.

ढोलाचं पण सांगते. गरब्याचा हींच हा ताल सहा मात्रांचा, त्यामुळे ६/८ लावायचं, ४/४च्या ग्रिडवर ट्रिपलेट (एका ठोक्याचे तीन भाग) करत बसू नका. ढोलीचे सुटे ठोके रेकॉर्ड करून मी रीसॅम्पलोमॅटिक५००० मध्ये टाकले (सुटे आवाज वाजवणारं रीपरचंच साधन, नाव विचित्र आहे, काम चोख), आणि हलके ठोके मुद्दाम ग्रिडवरून जरा मागे ठेवले. सगळे अगदी रेघेवर ठेवले की ढोली नाही, मशीन वाजवतंय हे लगेच कळतं. घरच्या रेकॉर्डिंगमधला पंख्याचा घरघराट रीपरच्याच रीएफआयआर या फिल्टरच्या सबट्रॅक्ट मोडने जातो, फक्त कोणी गात नसलेला तुकडा त्याला आधी ऐकवायचा, आणि जास्त ताणायचं नाही, आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

उणी बाजू मोठी एकच, सोबत साउंड जवळजवळ येतच नाहीत. विंडोजचा इन्स्टॉलर २० एमबीच्या आत, यावरूनच काय ते समजा. त्याचा सिंथ (आवाज तयार करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) अगदी साधा आहे. मी व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सिंथ वेगळे घातलेत, व्हायटलची बेसिक आवृत्ती फुकट, सर्ज तर ओपन सोर्स. सर्जचं मला जास्त कौतुक, कारण त्यात स्काला फाइल (कुठला स्वर नेमका कुठे, हे लिहिलेली फाइल) घालून स्वरांची जागा बदलता येते, म्हणजे कोमल गंधार पियानोवर असतो तिथेच ठेवायची सक्ती नाही. दिसायला रीपर रुक्ष आहे आणि मेन्यू प्रचंड लांब, थीम बदलली की जरा बरं वाटतं. स्टेजवर क्लिप दाबत लाइव्ह वाजवायचं असेल तर एबलटन हे सॉफ्टवेअर बघा, हे त्यासाठी बनलेलं नाही.

सध्या जुन्या रेकॉर्डवर काम चालू आहे. उस्ताद फैयाज खाँ आपल्या बडोद्याचे दरबारी गायक, १९५० मध्ये इथेच गेले. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या रेकॉर्डवरचा तो हक्क २०१० अखेरीपर्यंत संपलेला. सिनेमाच्या गाण्याचा रीमिक्स टाकला की कॉपीराइट क्लेमचा मेल येणार हे हौशी लोकांना माहीतच आहे, मग आपल्या गावातलं एवढं मोठं गाणं समोर असताना त्याकडे का बघू नये? ७८ आरपीएमच्या त्या रेकॉर्ड नेमक्या ७८ने फिरतच होत्या असं नाही, त्यामुळे षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी सापडतो. अशा वेळी मी खाँसाहेबांना हलवत नाही, सिंथ त्यांच्या षड्जाला लावते. आणि जाता जाता, अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्येच मूग कंपनीचा सिंथेसायझर आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथला स्टुडिओ उभा केला. इथून शंभरेक किलोमीटरवर! तेव्हा हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे असं घरी कोणी म्हणालं तर हे सांगा.

शेअर करताना: मित्र दुसरं सॉफ्टवेअर वापरत असेल तर रेंडरमध्ये (अंतिम ऑडिओ फाइल काढताना) स्टेम्स, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल काढा आणि सोबत प्रोजेक्टची मिडी फाइल (आवाज नाही, फक्त स्वर आणि गतीची नोंद) टेम्पो बदलांसकट एक्सपोर्ट करून द्या, नाहीतर वाकवलेली ग्रिड त्याच्याकडे पोचणारच नाही. नेटवर टाकायचं तर रेंडरमध्येच -१४ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) नॉर्मलाइज करता येतं. आणि घरच्या बायकांचे आवाज असतील तर टाकायच्या आधी प्रत्येकीला विचारा. आमच्यातल्या एका काकूंनी नको म्हटलं, तर त्यांची ओळ मी काढली आणि तिथे सर्जवर तीच चाल वाजवली.

किंमत: ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर फुकट, मग हौशी लोकांसाठी ६० डॉलर, व्यावसायिक २२५, फीचर दोन्हींत तेच. सातव्या आवृत्तीचं लायसन्स ८.९९ पर्यंत चालतं.