तासाभरात पांढरे की पंधरा दिवसांत? दातांच्या ब्लीचिंगची पारख

लग्नसराई जवळ आली की ठाण्यात राम मारुती रोडपासून घोडबंदरपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरूळमध्ये ‘तासाभरात पांढरे दात’ अशा पाट्या दिसू लागतात. ब्लीचिंग दोन तऱ्हांनी होतं: क्लिनिकच्या खुर्चीत, नाहीतर दातांच्या मापाचा ट्रे, म्हणजे जेल भरून दातांवर बसवायचा मऊ साचा, घेऊन घरी. घाई नसेल तर ट्रेच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याआधी डाग कसला आहे ते बघून घ्या. मिश्री, तंबाखू, चहा यांचा थर दाताच्या बाहेर बसतो. तो स्केलिंग-पॉलिशिंगनं, म्हणजे दात खरवडून गुळगुळीत केल्यानं, निघतो आणि पुष्कळांचं काम तिथेच भागतं. स्केलिंगनं दात सैल होतात ही भीती खोटी आहे. कीटण निघालं की त्याखाली झाकलेल्या फटी उघड्या पडतात, म्हणून तसं वाटतं.

खुर्चीतल्या ब्लीचिंगमध्ये हिरडीवर राळेचा पातळ पडदा लावून तो प्रकाशानं कडक करतात. मग साधारण 35 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल लावतात, बहुधा पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा. काम जेल करतं, निळ्या दिव्यानं फारशी भर पडत नाही. पडदा नीट बसला नाही तर जेल खाली झिरपून हिरडी पांढरी पडते आणि चुरचुरते. हे सहसा एक-दोन दिवसांत भरून येतं, पण पडदा लावायला दहा मिनिटं जास्त घेणारा डॉक्टर केव्हाही बरा. आणखी एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. तोंड तासभर उघडं राहिल्यानं दात सुकतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. खरा रंग आठवड्यानं कळतो. म्हणून शेड गाइडची, म्हणजे दातांच्या छटा दाखवणारी, पट्टी दाताशेजारी धरून आधी एक फोटो काढायला सांगा, आणि आठवड्यानं त्याच उजेडात दुसरा.

ट्रेसाठी दातांचं माप घेऊन साच्यावर सुमारे एक मिलिमीटरची मऊ शीट ओढतात. कड हिरडीला घासत असेल तर ती कापून घ्या. जेल 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन पेरॉक्साइड. प्रत्येक दाताच्या समोरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. जास्त भरलं की ते हिरडीवर येतं आणि वायाच जातं. ट्रे रात्रभर, दोन आठवडे लावायचा. आधी फक्त वरचे दात करा, म्हणजे खालच्यांशी ताडून फरक दिसतो. कळ येऊ लागली तर एक रात्र सोडा आणि 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट त्याच ट्रेत घालून वीसेक मिनिटं ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात जेल फ्रिजमध्येच हवं, बाहेर त्याचा जोर उतरतो.

कॅप आणि दातात भरलेलं सिमेंट मात्र रंग बदलत नाही. पुढच्या दातात जुनं फिलिंग असेल तर ते ब्लीचिंगनंतर बदलावं लागेल, तेही दोन आठवडे थांबून. दातात उरलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगची पकड कच्ची करतो. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे करडे पट्टे असतील तर ट्रे महिनोन्‌महिने लावावा लागतो. फ्लोरोसिसचे (लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्यानं पडलेले) पांढरे ठिपके सुरुवातीला उलट जास्त उठून दिसतात. मार लागून काळवंडलेल्या एकट्या दाताचा आधी एक्स-रे काढा. रूट कॅनल झालेली असेल तर तो आतून ब्लीच करता येतो. गरोदरपणात आणि किडके दात भरून घेण्याआधी यात पडू नये. याच कामासाठी थेट व्हिनियर (दातावर चिकटवायची पातळ कवचं) सुचवले तर विचार करा, कारण त्यासाठी घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, परत येत नाही.

खर्च आवरायचा असेल तर नेरूळच्या डेंटल कॉलेजांच्या ओपीडीत चौकशी करा. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त पडतात, त्याही दिवसा, पण माप घाईनं घेतलं जात नाही.

उपचार चालू असताना मामलेदारची मिसळ, सोलकढी आणि हळदीचं कालवण टाळलेलं बरं. दहीभात, इडली चालेल. ट्रे गार पाण्यानंच धुवा, कढत पाण्यात तो वाकतो. नीट जपलात तर वर्षा-दीड वर्षानं पांढरेपणा उतरल्यावर नुसतं जेल आणायचं, दोन-तीन रात्री पुरतात.