आईबाबा दोघांनाही शुगर आणि आपला रिपोर्ट बॉर्डरवर: लाइफस्टाइल, गोळी की दोन्ही?

फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची शुगर 112, आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, 6.0. दोन्ही आकडे रिपोर्टवर ठळक छापलेले, आणि तो हातात धरून मी आईच्या शेजारी बसले होते. ती तेव्हा नेमकी स्वतःची शुगर तपासत होती. आई सुई बोटाच्या मधोमध टोचत नाही, कडेला टोचते, तिथे दुखतं कमी, पण इतक्या वर्षांत त्या कडाही टणक झाल्यात, त्यामुळे थेंब यायला बोट मुळापासून दाबत वर आणावं लागतं. बाबांना तर आईच्याही आधीपासून आहे. त्यामुळे रिपोर्ट बघून मी हादरले वगैरे नाही, मनात एवढंच आलं की झालं, आली आपली पाळी. आणि तो विचारच घातक होता हे आता कळतं, कारण त्या एका विचारापायी पुढचे चार महिने मी काहीही केलं नाही.

नंतर बरंच वाचलं, डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं, स्वतःवर करून पाहिलं, आणि मधल्या काळात धाकट्या भावाचाही रिपोर्ट तसाच आला. म्हणून ज्यांच्या घरात हे आहे आणि आता नक्की काय करायचं हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी सगळे पर्याय शेजारी शेजारी मांडतेय.

आधी ते घराण्याचं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात दिसलं की आई किंवा वडील यापैकी एकाला टाइप 2 डायबेटिस (मोठेपणी होणारा, सर्रास आढळणारा प्रकार) असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता साधारण साडेतीन पट असते आणि दोघांनाही असेल तर सहा पट. हे खरंच आहे, नाकारण्यात काही अर्थ नाही. पण बहुतेक जण इथेच थांबतात, पुढचं बघतच नाहीत. प्रीडायबेटिसवरचा, म्हणजे डायबेटिसच्या आधीच्या या बॉर्डरवरच्या अवस्थेवरचा, सगळ्यात गाजलेला अभ्यास, अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम, 2002 साली छापून आला, त्यात 3234 लोक होते आणि त्यातल्या जवळपास 70 टक्के लोकांच्या अगदी जवळच्या नात्यात डायबेटिस होता. म्हणजे ती माणसं तुमच्याआमच्यासारखीच होती! आणि त्यांच्यात काय झालं, तर नुसता सल्ला आणि साधी डमी गोळी घेणाऱ्या 100 जणांमागे वर्षाला 11 जणांना डायबेटिस झाला, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत साधारण 8 जणांना, आणि खाणं, वजन, हालचाल यावर नीट काम करणाऱ्यांत जेमतेम 5 जणांना. टक्केवारीत सांगायचं तर लाइफस्टाइलने धोका 58 टक्के कमी केला, गोळीने 31 टक्के. त्याच लोकांचे जीन्सही नंतर तपासले, टीसीएफ7एल2 नावाचा एक जीन आहे जो डायबेटिसशी बराच जोडलेला आहे, त्याची धोक्याची आवृत्ती असलेल्यांना डायबेटिस जास्त होत होता, पण लाइफस्टाइलवाल्या गटात तोच परिणाम बराच फिका पडला. हे वाचलं त्या रात्री मी पहिल्यांदा "आली आपली पाळी" म्हणणं सोडलं.

आता पर्याय निवडायच्या आधी एक गोष्ट करा जी मी उशिरा केली, आपला नक्की कुठला आकडा बिघडलाय ते बघा. प्रीडायबेटिस म्हणजे फास्टिंग 100 ते 125, किंवा 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 140 ते 199, किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4, यातलं काहीही. पण हे तिन्ही एकच नाहीत. फक्त फास्टिंग वर असतं तेव्हा मुख्य गडबड लिव्हरची असते, रात्रभर आपण काही खात नाही तरी लिव्हर साखर सोडत राहतं. दोन तासांचा आकडा वर असतो तेव्हा स्नायू साखर उचलायला कमी पडतात. आणि लाइफस्टाइलचा फायदा दोन्हीकडे सारखा मिळत नाही! चेन्नईत डी-क्लिप नावाचा एक अभ्यास झाला, त्यात लाइफस्टाइल आणि गरज पडली तर पुढे मेटफॉर्मिन अशी पद्धत होती, एकूण धोका 32 टक्के कमी झाला, पण ज्यांचं फक्त फास्टिंग बिघडलेलं होतं त्यांच्यात 12 टक्केच, दोन तासांचा आकडा बिघडलेल्यांत 31 आणि दोन्ही बिघडलेल्यांत 36. म्हणून तुमच्याकडे फक्त फास्टिंगचा रिपोर्ट असेल तर ग्लुकोजवाली टेस्ट पण करून घ्या, सकाळचे दोन तास बसून राहायला लागतं एवढंच. माझा दोन तासांचा आकडा 158 आला, म्हणजे दोन्हीकडे गडबड, आणि खरं सांगते, तो आकडा बघून मला बरं वाटलं, कारण जिथे मेहनतीला फळ येतं अशा गटात मी होते.

अजून एक, एचबीएवनसी एकट्यावर विसंबू नका. लोह कमी असेल तर तो खोटाच वाढलेला दिसू शकतो, आणि अंगातल्या लाल पेशी लवकर मोडत असतील तर उलट कमी दिसतो. ॲनिमिया असलेल्या बायकांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

लाइफस्टाइल विरुद्ध गोळी

वरचे 58 आणि 31 बघून वाटतं की निकाल लागला, लाइफस्टाइल जिंकली. सरासरीत हो, पण माणसामाणसात फरक आहे. त्याच अभ्यासात साठीच्या पुढच्या लोकांना लाइफस्टाइलचा फायदा 71 टक्के झाला आणि गोळीचा फारसा झालाच नाही. उलट बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 35 च्या वर असलेले, 25 ते 44 वयाचे, आणि ज्या बायकांना गरोदरपणात शुगर झाली होती, यांना गोळीने चांगली साथ दिली. म्हणजे तुम्ही या तिघांपैकी असाल तर डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुचवल्यावर लगेच "मला गोळी नको" म्हणून उठू नका. गोळीचे तोटे म्हणाल तर सुरुवातीला पोट बिघडतं, मळमळतं, जेवणासोबत आणि हळूहळू डोस वाढवत घेतली की बऱ्याच जणांचं सुधारतं, आणि वर्षानुवर्षं घेतली तर बी12 कमी होऊ शकतं म्हणून ते तपासत राहायचं, किडनीचाही रिपोर्ट आधी बघतात.

मग दोन्ही एकदम केलं तर दुप्पट फायदा? मला असंच वाटायचं. भारतातला 2006 चा अभ्यास आहे, 531 लोक, अमेरिकेतल्यांपेक्षा बरेच बारीक. तीन वर्षांत फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात 55 टक्के लोकांना डायबेटिस झाला, आणि लाइफस्टाइल, गोळी, दोन्ही मिळून, या तिन्ही गटांत 39 ते 40 टक्के. म्हणजे दोन्ही जोडून तिथे जास्तीचं काही हाती लागलं नाही. त्यामुळे माझं मत असं झालंय की आधी एक गोष्ट नीट, मन लावून करा, तीन ते सहा महिन्यांनी आकडा बघा, आणि हलला नसेल तर डॉक्टरांशी बोलून गोळी जोडा.

भावाचं तसंच झालं. तो बारीक आहे, फक्त पोट थोडं सुटलंय, एचबीएवनसी 6.3 होता, सहा महिने त्याने एक दिवस चुकवला नाही (मी साक्षीदार आहे) आणि आकडा 6.2. तो इतका खचला की मला फोनवर म्हणाला, "ताई, माझंच काहीतरी चुकतंय." त्याचं काही चुकत नव्हतं. आपल्यासारख्यांना वारशात नुसता इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते) मिळत नाही, कित्येकांना पॅनक्रियाजच्या बीटा सेल्सची, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची, ताकदच कमी मिळते, आणि तिथे चालून चालून किती भरून काढणार. त्याने गोळी सुरू केली, व्यायाम सोडला नाही. याला हरणं म्हणणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो.

खाणं आधी की व्यायाम आधी

चीनमधल्या दाचिंगमध्ये 1986 ला सुरू झालेल्या अभ्यासाने हे सरळ सरळ तपासलं, एका गटाला फक्त आहार, एकाला फक्त व्यायाम, एकाला दोन्ही, सहा वर्षं. धोका आहाराने 31 टक्के कमी झाला, व्यायामाने 46, दोन्हीने 42. फार मोठा फरक नाही. त्यामुळे ज्यापासून सुरुवात करणं तुम्हाला सोपं त्यापासून करा. वजन जास्त असेल तर मात्र खाण्याला हात घालावाच लागतो, नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही, आणि अमेरिकेतल्या त्या अभ्यासात उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका साधारण 16 टक्क्यांनी कमी होत गेला. टार्गेट होतं वजनाच्या 7 टक्के, म्हणजे 80 किलोच्या माणसाला साडेपाच किलो. एवढंच! वीस किलो नाही.

कुठलं डाएट, यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी थोडक्यात आवरते. आठ तासांतच खायचं की दिवसभरात कमी खायचं, कॅलरी तितक्याच ठेवल्या तर वजनात खास फरक पडत नाही हे दाखवलं गेलंय. कार्ब कमी केले की जेवणानंतरची शुगर लगेच खाली दिसते, पण वर्षभर टिकवता येतं का हा प्रश्न स्वतःला विचारा. मला टिकलं ते असं, गोड पेयं पूर्ण बंद, ताटात आधी भाजी आणि प्रोटीन, पिष्टमय पदार्थ शेवटी आणि आधीच्या निम्मे.

व्यायामाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण मला फरक इथेच पडला. स्नायू हलतात तेव्हा ते इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर आत ओढतात, आणि त्यानंतर साधारण एक ते दोन दिवस इन्सुलिन जरा जास्त चांगलं काम करतं. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको असं सांगतात, आठवडाभराचं रविवारी उरकून चालत नाही. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं हे ठरलेलं माप, पण ते कधी चालायचं? वयस्कर लोकांवरच्या एका छोट्या अभ्यासात सकाळी सलग 45 मिनिटं आणि तीन जेवणांनंतर 15-15 मिनिटं यांची तुलना केली, दिवसभराची शुगर दोन्हीने सुधारली, पण रात्रीच्या जेवणानंतरची चढलेली शुगर फक्त जेवणानंतर चालण्याने उतरली. मी आईच्या मशीनवर स्वतः पाहिलंय, तेच जेवण, तेवढंच, जेवून सोफ्यावर बसले त्या दिवशी तासाभराने 171, आणि जेवून लगेच पंधरा मिनिटं चालले त्या दिवशी 134. दोन दिवसांचं मोजमाप आहे, याला काही शास्त्र म्हणणार नाही मी, पण तो आकडा बघितल्यापासून जेवून बसवतच नाही. त्या 134 च्या वेळी आईने चष्मा वर करून स्क्रीन दोनदा पाहिली.

आणि बारीक असाल तर वजन उतरवण्याच्या मागे लागू नका, कंबर बघा आणि स्नायू वाढवा, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं किंवा उठाबशा. झोप पाच तासांची असेल तर आधी ती सुधारा. सिगारेट ओढत असाल तर तीही टाइप 2 चा धोका वाढवते.

रिव्हर्स झालं म्हणजे काय

बरं झालं असं नाही, आकडे नॉर्मलमध्ये आले एवढंच. पण ते "एवढंच" लहान नाही, अमेरिकेतल्या त्याच लोकांना पुढे बघत राहिले तेव्हा ज्यांची शुगर एकदा तरी पूर्ण नॉर्मलला आली होती त्यांना पुढे डायबेटिस होण्याचा धोका 56 टक्के कमी निघाला. मात्र 15 वर्षांनी लाइफस्टाइलचा फायदा 58 वरून 27 टक्क्यांवर आणि गोळीचा 18 वर आलेला दिसतो, तेव्हा सोडून दिलं की शुगर परत येते हे धरूनच चाला.

माझं नऊ महिन्यांनी एचबीएवनसी 5.6, दोन तासांचा आकडा 126, आणि फास्टिंग 103. फास्टिंग हट्टी आहे, 100 च्या मापाने मी अजून बॉर्डरवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या 110 च्या मापाने नॉर्मल. मी तिथे थांबलेय आणि वर्षातून एकदा तपासतेय.

दोन वेळा मात्र हे असलं काही करत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा. एक म्हणजे तहान, लघवी खूप वाढली आणि वजन आपोआप उतरायला लागलं तर. दुसरं म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या बारीक अंगाच्या लोकांना पंचविशीच्या आत शुगर झाली असेल तर, कारण तो मोडी नावाचा डायबेटिसचा वेगळा, एकाच जीनमधल्या बिघाडाने होणारा प्रकार असू शकतो, त्याची टेस्ट वेगळी आणि औषधंही वेगळी.

भावाची पुढची टेस्ट तीन महिन्यांची गोळी झाल्यावर, पुढच्या महिन्यात आहे. त्याला एकट्याला जायचं टेन्शन येतं म्हणून माझी वर्षाची टेस्ट पण त्याच सकाळी लावलीय, ग्लुकोज पिऊन दोन तास तिथे बसायचंच आहे, दोघं बसू.